उणे आलं तर

"वेगानं चुकलं तर?" यमुनाक्कांनी विचारलं.

मल्लेश्वरमच्या त्या चकचकीत दुकानात मी त्यांच्यामागे दोन पावलं सोडून उभा होतो. आम्ही एकत्र आलोय असं कुणाला वाटू नये, एवढाच हेतू. काचेच्या टेबलापलीकडचा विक्रेता पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. कंपनीनं लॅपटॉपसाठी आता दुसऱ्याची चिप घेणं बंद केलंय, स्वतःची घातलीय, ती जुनीपेक्षा कितीतरी वेगवान आहे, बॅटरी दिवसभर पुरते आणि जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतात. त्यावर अक्कांचा हा प्रश्न. तो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत.

"मला वेग नको," अक्का आपल्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाल्या. "अमावास्या काही लवकर येणार नाही. जुन्या चिपवर जे उत्तर यायचं तेच नव्या चिपवर येईल, एवढं मला लिहून द्या."

मॅनेजर आला. त्यानं एक गुळगुळीत पुस्तिका पुढे केली. अक्कांनी पिशवीतून दुसरा चष्मा काढला, पहिल्याच्या वर चढवला आणि उभ्या उभ्या ती पुस्तिका शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून काढली. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी आपला टेबलावरचे इयरफोन न्याहाळत होतो.

"ह्यात तुम्ही काय देणार ते आहे," पुस्तिका परत देत त्या म्हणाल्या. "काय काढून घेणार, ते कुठे छापलंय?"

त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो. मशीन घेतलं ते तिसऱ्या खेपेला, आणि तेही जुन्याची बॅटरी फुगून झाकण बसेनासं झालं म्हणून.

यमुनाक्का माझ्या घरमालकीणबाई. राजाजीनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. मी डोंबिवलीचा, व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. अक्कांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि इकडचेच झाले. त्यांनी लग्न केलं नाही. एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी नऊला इस्त्रीची सुती साडी नेसून त्या हॉलमधल्या टेबलाशी बसायच्या. टेबलावर मशीन, मशीनवर भरतकाम केलेलं झाकण. रोज मशीन उघडलं की कंपनीची सूचना यायची, नवीन अपडेट आलंय, घ्या. अक्का रोज 'उद्या आठवण करा' दाबायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, किती दिवस असं करणार?" तर म्हणाल्या, "त्यांना आठवण करायचा कंटाळा येईपर्यंत."

माझ्याशी त्या अगदी छापील मराठी बोलायच्या. 'आपण कॉफी घेणार का', 'कृपया दार लोटून घ्या', असं. त्याला कारण मीच होतो. राहायला आलो त्या आठवड्यात मी काही विचारायला खाली गेलो, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "स्वल्प थांब रे, हालु उक्कतंय!" दूध उतू चाललं होतं. पण मी दारात उभा राहून खो खो हसलो. हे कसलं मराठी, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. अक्का बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर आपलं घरचं बोलणं कधी काढलं नाही. समोरच्या घरातल्या ललिताक्का आल्या की दोघींची ती भाषा सुरू व्हायची, मराठी आणि कन्नड एका भांड्यात कालवलेली. मी जिन्यावर दिसलो की अक्कांचं वाक्य मध्येच सरळ व्हायचं. मला ते तेव्हा सोयीचं वाटलं. अडलं काही नाही ना, मग कशाला विचार करायचा!

आता त्या मशीनवर काय चालायचं ते सांगतो. अक्का श्राद्धाच्या तारखा काढून द्यायच्या.

माणूस ज्या तिथीला गेला ती तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि श्राद्धाला दुपारी कुठली तिथी आहे ते बघावं लागतं. छापील पंचांग एका गावापुरतं असतं. इथल्या जुन्या मराठी घरांतली मुलं जगभर पांगलेली. कुणाचे वडील राजाजीनगरात गेले आणि मुलगा श्राद्ध करणार सिडनीत, तर कुणी वारलं लंडनला आणि आई इथे. अशा सगळ्यांसाठी अक्कांनी नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी बसून एक प्रोग्रॅम लिहिला होता. गाव सांगा, वेळ सांगा, तो तिथी काढायचा आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगायचा. दोनेकशे घरांची यादी होती त्यांच्याकडे. फोन यायचा, अक्का तारीख दोनदा सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "आता तुम्ही म्हणा." पलीकडच्यानं तारीख म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायची सोय नव्हती. एका निवृत्त न्यायाधीशांनासुद्धा त्यांनी शाळेतल्या मुलासारखं तीनदा म्हणायला लावलेलं मी ऐकलंय.

मी एकदा थट्टेनं म्हटलं, "एखाद दिवस इकडेतिकडे झाला तर कुणाला कळणार आहे, अक्का?"

"ज्यांना कळायचं ते तक्रार करायला येऊ शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बरोबर सांगायचं."

ललिताक्कांचा मुलगा श्रीधर कॅनडात गेला. मी इथे यायच्या तीन वर्षं आधी, रस्त्यावरच्या अपघातात. एकुलता एक. नवरा त्याच्याही आधी गेलेला. पहिल्या वर्षी भटजींनी बातमी आली त्या इथल्या दिवसाची तिथी धरली होती. अक्का समोर गेल्या आणि म्हणाल्या, "तो तिथे गेला, तिथल्या घड्याळानं." तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, द्वादशी होती. भटजींना मान्य करावं लागलं. तेव्हापासून ललिताक्कांच्या दृष्टीनं पंचांग म्हणजे यमुना. वर्षातून तो एक दिवस त्यांना होता. खीर, वडे आणि श्रीधरला आवडायचे म्हणून चिरोटे करायच्या, गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान वाढायच्या आणि कावळा शिवेपर्यंत उन्हात उभ्या राहायच्या. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस त्या टीव्ही बघायच्या, देवळात जायच्या, मल्लेश्वरमला बहिणीकडे जायच्या. चारचौघींसारख्याच होत्या.

तर अशा प्रोग्रॅमखालची चिप बदलणार म्हटल्यावर अक्कांचं डोकं उठलं होतं. नव्या मशीनमध्ये कंपनीनं एक सोय दिली होती. जुन्या चिपसाठी लिहिलेल्या सूचना नव्या चिपला समजतील अशा करून सांगणारा एक प्रोग्रॅम मध्ये बसवला होता. अक्का त्याला 'दुभाषा' म्हणायच्या. मशीन आलं, दुभाषा बसला, आणि अक्कांनी जुनं फुगलेलं मशीन शेजारी ठेवून वर्षभराच्या तारखा दोन्हींवर काढून बघितल्या. सगळ्या जुळल्या. मग जुनं मशीन धोक्याचं म्हणून दुरुस्तीवाल्याकडे दिलं. "दुभाषा प्रामाणिक आहे," अक्कांनी मला सांगितलं. ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

वर्षा-दीड वर्षात कंपनीचं निवेदन आलं. पुढच्या आवृत्तीनंतर दुभाषा काढून घेणार. सर्वांनी आपापले प्रोग्रॅम नव्या चिपसाठी करून घ्यावेत.

अक्कांनी कंपनीला पत्र लिहिलं. ईमेल नव्हे, पत्र. मला वाचायला दिलं होतं. 'तुम्ही तुमच्या सोयीनं मशीनची भाषा बदललीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुभाषा तुम्हीच दिलात, तो आहे म्हणून मी जुनं घर सोडून तुमच्याबरोबर आले. आता मला मध्येच उतरवू नका.' उत्तर आलं ते दोन ओळींचं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अक्कांनी ते छापून फाइलला लावलं. दुसरं पत्र लिहिलं. त्याच दोन ओळी. तिसऱ्याला उत्तर आलं नाही.

"जुन्या आवृत्तीवरच राहीन मी," त्या म्हणाल्या. पण ते जमणार नव्हतं. त्यांची बँक जुन्या आवृत्तीवर उघडेना, भाचीचा व्हिडिओ कॉल लागेना. रोजच्या 'उद्या आठवण करा'ला सहा-सात महिने झाल्यावर मीच पुढे झालो. म्हटलं, "अक्का, एवढं काय घाबरायचंय? प्रोग्रॅम तुमचा, मूळ प्रत तुमच्याकडे. नव्या चिपसाठी पुन्हा बांधायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, मी करतो."

अक्कांनी मशीनवरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाल्या, "मी मध्ये मध्ये टिपा लिहिल्या आहेत. त्या सगळ्या वाचाल?"

"सगळ्या वाचीन," मी म्हटलं.

आणि वाचल्याही. खोटं सांगत नाही. शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बसून एकूण एक ओळ वाचली. काम नीटनेटकं होतं. टिपा रोमन लिपीत होत्या, सगळी मोठी अक्षरं, कारण लिहिल्या तेव्हा त्या मशीनवर दुसरं काही उमटतच नव्हतं. बहुतेक टिपा साध्या होत्या, इथे सूर्योदय काढला, इथे चंद्र. मग एका बेरजेच्या वर ही टीप आली: UNE ALA TAR SUTTU MARTA. BIDU.

SUTTU मधला शेवटचा U चुकून पडला असणार असं धरून मी वाचलं, 'उणे आलं तर सुट्टा मारतं, बिडू.'

मला हसू आवरेना. इतकी कडक बाई, दोन चष्मे लावणारी, आपण कॉफी घेणार का म्हणणारी, आणि एकटीनं बसून लिहितेय काय, तर उणे आकडा आला की गडी सिगरेट ओढत बसतो, दोस्ता! प्रोग्रॅम लिहिणारे लोक टिपांमध्ये असले विनोद करतात, त्यात नवल नाही. मला नवल वाटलं ते अक्कांचं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या मला फार आवडल्या. सोमवारी ऑफिसात जेवताना मी हे सगळ्यांना सांगितलं. मुंबईची दोन पोरं तर आठवडाभर एकमेकांना तेच ऐकवत होती. अक्कांना मात्र मी काही बोललो नाही. त्यांना संकोच वाटेल असं वाटलं.

प्रोग्रॅम बांधला. एक इशारा नाही, एक लाल अक्षर नाही. दुभाषा जाण्याआधी त्या वर्षीच्या सगळ्या घरांच्या तारखा जुन्या पद्धतीनं आणि नव्या पद्धतीनं काढल्या, शेजारी ठेवल्या. तारखा जुळल्या. तिथी संपण्याची वेळ शेजारच्या रकान्यात होती, मिनिटांसकट. तो रकाना मी बघितला नाही. तारखा जुळल्यावर मिनिटं कशाला बघायची? ऑफिसात कुणी माझ्याकडे असं काम आणलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

"झालं, अक्का," मी म्हटलं. "बिनघोर अपडेट घ्या." त्यांनी घेतलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. गुरुवार होता, मी घरूनच काम करत होतो. अकराच्या सुमारास कॉफीला खाली उतरलो तर ललिताक्का फाटकाशी उभ्या होत्या. खुशीत होत्या. आदल्या दिवशी, बुधवारी, श्रीधरचं श्राद्ध झालं होतं, ते त्या अक्कांना सांगत होत्या. मी जिन्यात आहे हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"भटजीनं सोमवारीच फोन केला की गं," ललिताक्का म्हणाल्या. "म्हणतो, द्वादशी मंगळवारी धरायची. मी म्हटलं, तुझं पंचांग तुझ्यापाशी ठेव. आमच्या यमुनेनं बुधवार दिलाय. बुधवारी यायचं तर ये, नाहीतर बिडु. आला नाही. मी दुसऱ्याला बोलावून केलं सगळं. छान चोक्कट झालं बघ."

अक्का हसल्या नाहीत. "हौदा?" एवढंच म्हणाल्या, म्हणजे 'असं का?' मग आत गेल्या. कॉफी झाली नाही. मी दारातून बघितलं तर त्यांनी मशीन उघडलं नव्हतं. कपाटातून पिवळ्या पडलेल्या कोष्टकांचं एक बाड काढलं होतं आणि कागदावर आकडे मांडायला बसल्या होत्या.

चार वाजता त्यांनी मला हाक मारली. टेबलावर आठ-दहा कागद होते, दोन्ही चष्मे कागदांवर काढून ठेवलेले. डोळे लाल झाले होते.

"भटजी बरोबर होते," त्या म्हणाल्या. "द्वादशी मंगळवारचीच."

मी म्हटलं, हातानं करताना कुठेतरी घसरलं असेल. त्यांनी मशीन उघडलं, प्रोग्रॅमची मूळ प्रत काढली, खाली खाली नेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचलं होतंस?"

त्या पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी मला 'तू' म्हटलं ते आत्ताच. "हो," मी म्हटलं.

"काय वाचलंस? म्हणून दाखव."

मी वाचलं. मोठ्यानं. 'उणे आलं तर सुट्टा मारतं, बिडू.' अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना एक शब्द कळला नव्हता.

"सुट्टा म्हणजे?"

सांगावं लागलं. सिगरेट. आणि बिडू म्हणजे दोस्त, आमच्याकडे मुंबईत म्हणतात. सांगताना माझे कान तापले होते. त्या शांतपणे ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी त्यांच्या बोलीत, जिला मी पहिल्या आठवड्यात हसलो होतो तिच्यात, मला समजावून सांगितलं.

"सुट्टा नव्हे रे. सुत्तु. सुत्तु म्हणजे फेरा, फिरून येणं. बिडु म्हणजे सोड, असू दे, हात लावू नको. उणे आलं तर ते फेरा मारून येतं, त्याला तसंच राहू दे. एवढंच लिवलेलं की मी."

नंतर मी ते तपासलं. चंद्र एका चालीनं चालत नाही, म्हणून गणितात शेवटी एक दुरुस्ती असते. कधी काही मिनिटं मिळवायची, कधी वजा करायची. ती दुरुस्ती अक्कांच्या प्रोग्रॅमात अशा खणात जायची की ज्यात शून्याखालचा आकडा मावत नाही. जुन्या चिपवर असा आकडा स्कूटरच्या मीटरसारखा उलटा फिरायचा आणि पुढच्या बेरजेत पुन्हा फिरून बरोबर जागी यायचा. अक्कांना ते माहीत होतं, त्यांनी त्यावर भिस्त ठेवली होती आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. दुभाषा होता तोवर तोही इमानानं फेरा मारत होता. नवी चिप मात्र असल्या आकड्याचं सरळ शून्य करते. मिळवायची मिनिटं मिळत होती, वजा करायची मिनिटं कुणी वजाच करत नव्हतं. बहुतेक वेळा त्यानं दिवस बदलत नाही. तिथी दुपारच्या काठावर आली की बदलतो. कंपनी खोटं बोलली नव्हती. प्रोग्रॅम चालत होता.

"कन्नड दिसलं असतं तर तू विचारलं असतंस," अक्का म्हणाल्या. "मराठी वाटलं, म्हणून नाही विचारलंस."

मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या तर उलट म्हणाल्या, "तुझ्या एकट्याची चूक नव्हे. मीपण तुझ्यासमोर स्वतःचं बोलणं झाकून ठेवलं ना." हे ऐकून मला जास्तच लाज वाटली. आजही वाटते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. करून यादी पुन्हा काढली तेव्हा तीन घरांच्या तारखा बदलल्या. तिन्ही होऊन गेलेल्या. मी म्हटलं, "अक्का, आता सांगून काय होणार? पुढच्या वर्षीपासून बरोबर देऊ." हे मी माझ्यासाठी म्हणत होतो, की त्यांच्यासाठी, की ललिताक्कांसाठी, ठाऊक नाही. अक्का म्हणाल्या, "चुकीचा निरोप मी दिला. चुकला म्हणून सांगायलापण मीच जायचं." दोन घरं लांब होती, तिथे शुक्रवारी आम्ही रिक्षानं गेलो. दोन्हीकडे लोक चांगले वागले. एवढं काय मनाला लावून घेता अक्का, देवाला भाव पोचतो, असं म्हणाले, कॉफी दिली. समोरच्या घरी जायला अक्कांना रस्ता ओलांडायचा होता फक्त. त्याला त्यांनी शनिवार लावला.

ललिताक्का भाजी निवडत बसल्या होत्या. अक्का खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या आणि एका दमात सांगून टाकलं. प्रोग्रॅम चुकला, द्वादशी मंगळवारची होती, भटजी बरोबर होते. माझं नाव घेतलं नाही. मी "चूक माझी आहे" असं काहीतरी पुटपुटलो, ते ललिताक्कांच्या कानापर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही. त्यांचा हात भाजीत तसाच राहिला होता.

"म्हणजे तो मंगळवारी आलेला," त्या म्हणाल्या.

हातातली जुडी त्यांनी परातीत ठेवली.

"मंगळवारी मी मल्लेश्वरमला गेलेले. सक्काळी जाऊन सांजेला आले. तूच पाहिलीस की मला जाताना." त्यांनी वर बघितलं. "घराला कुलूप होतं, यमुना."

ललिताक्का रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. थोड्या वेळानं उठल्या, भाजीची परात उचलली आणि आत गेल्या. आम्ही वाट बघितली. त्या बाहेर आल्या नाहीत. मग आम्हीच दार ओढून घेतलं.

त्यानंतर अक्कांनी मशीनला हात लावला नाही. प्रोग्रॅम आता बरोबर होता, मी शंभर वर्षांच्या तारखा मिनिटांसकट पडताळून दाखवल्या. त्या "सरी", म्हणजे 'ठीक आहे', म्हणायच्या आणि पुन्हा कोष्टकं उघडायच्या. यादीतली सगळी घरं त्या हातानं काढू लागल्या. एकेक घराला दोन-दोन दिवस लागायचे. डोळ्यांना पाणी यायचं, आकडे दिसेनासे व्हायचे, तरी पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या. फोनवर आता तारीख एकदाच सांगायच्या, हळू आवाजात. 'आता तुम्ही म्हणा' बंद झालं. हळूहळू फोनही कमी झाले. ललिताक्का भेटल्या तर बोलायच्या, नाही असं नाही. पाणी आलं का, लाइट गेली का. फाटकाशी उभ्या मात्र राहायच्या नाहीत.

वर्ष उलटत आलं तेव्हा माझं व्हाइटफील्डला राहायला जायचं ठरलं. रोजच्या येण्याजाण्याला कंटाळलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. जायच्या दहा-बारा दिवस आधी अक्कांनी मला एक चिठ्ठी दिली आणि समोर देऊन यायला सांगितलं. श्रीधरची तारीख होती, त्यांच्या वळणदार अक्षरात. खाली लिहिलं होतं, तीन वेळा हातानं ताडून पाहिलं आहे. ललिताक्कांनी चिठ्ठी वाचली, चौघडी घातली, "सरी" म्हणाल्या आणि कमरेला खोचली. मला वाटलं, चला, मिटलं.

पुढच्या आठवड्यात द्वादशीच्या दोन दिवस आधीच समोरच्या गच्चीवर केळीचं पान मांडलेलं दिसलं. त्यावर खीर, वडे, चिरोटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान. तिसऱ्या दिवशी, अक्कांनी दिलेल्या तारखेला, पुन्हा. भाजीवालीनं सांगितलं, त्या घराबाहेर पडत नाहीत, दारसुद्धा लावत नाहीत, सताड उघडं ठेवलंय.

चौथ्या दिवशी माझं सामान निघालं. टेम्पो पुढे गेला, मी किल्ली द्यायला खाली आलो. अक्का व्हरांड्यात बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. समोर ललिताक्का गच्चीवर पान घेऊन चढत होत्या, एक हात कठड्यावर. चढवत नव्हतं त्यांना.

"आजपण," अक्का म्हणाल्या. मला उद्देशून होतं का, कळलं नाही.

मी किल्ली त्यांच्याजवळ ठेवली, नमस्कार केला, येतो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत समोरच होत्या. ललिताक्कांनी पान मांडलं, पाणी फिरवलं आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. मी रिक्षात बसलो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा त्या वाट बघत उभ्या होत्या, आणि अक्का त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या.